मानसोपचार, तरुण वय आणि खिसा

हृदयविकार किंवा मधुमेह यांच्याप्रमाणे मानसिक आजार उतारवयाची वाट पाहत नाहीत. अमेरिकेतील रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांचा आजार चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांशांचा चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झाल्याचे आढळले, आणि पुढच्या अभ्यासांनीही साधारण हेच चित्र दाखवले. ज्या वयात हाती स्वतःचा पैसा सर्वांत कमी असतो, मुक्काम वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवरच्या खोलीत असतो, नोकरी लागलेली असली तरी पगार बेताचा असतो आणि घरून पैसे मागवायचे तर त्याचे कारण सांगावे लागते, नेमक्या त्याच वयात या आजारांचा खर्च उभा राहतो.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता, ही उणीव खटकण्यासारखीच आहे) पाहणीच्या वेळी 10.6 टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. गरज असणारे आणि प्रत्यक्ष उपचार घेणारे यांच्यातील या अंतराला अभ्यासक ‘उपचार-दरी’ म्हणतात. ही दरी केवळ पैशामुळे पडलेली नाही, कारण लाज, अज्ञान आणि डॉक्टरांचा तुटवडा हेही तिला जबाबदार आहेत. मात्र तरुणांच्या बाबतीत पैशाचा प्रश्न बहुधा चुकीच्या रीतीने मांडला जातो. मानसोपचार म्हणजे महागड्या तज्ज्ञासमोर दर आठवड्याला एक तास बसणे, अशी कल्पना चित्रपटांनी आणि मोठ्या शहरांतील खासगी दवाखान्यांनी रुजवली आहे, आणि तसे बसणे परवडत नाही म्हणून उपचारच परवडत नाहीत असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक उपचार हे अनेक कामांचे मिळून बनलेले असतात, त्यांतील काही कामांनाच उच्चशिक्षित तज्ज्ञ लागतो आणि बाकीची कामे कमी खर्चात, तरीही चांगल्या रीतीने होऊ शकतात.

त्यासाठी या क्षेत्रात कोण कोणते काम करतो हे आधी नीट पाहिले पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात एमडी किंवा पदविका घेतलेला वैद्यकीय डॉक्टर असतो. निदान करणे, औषधे लिहून देणे आणि गरज पडल्यास रुग्णाला भरती करणे ही त्याची कामे होत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसशास्त्रीय चाचण्या आणि संवादोपचार करतो, औषधे देत नाही, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असणे कायद्याने आवश्यक असते. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता रुग्णाचे घर, काम, सरकारी योजना आणि कागदपत्रे यांची बाजू सांभाळतो. राहिला समुपदेशक, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण एखाद्याने मानसशास्त्रात एमए करून अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले असते, तर दुसऱ्याने शनिवार-रविवारचा छोटा अभ्यासक्रम उरकून पाटी लावलेली असते, आणि दोघांच्या पाटीवरची अक्षरे सारखीच असतात. पदवी कोणती, कुठली, आणि कामावर देखरेख कोणाची, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. स्वस्तात मिळालेला अयोग्य सल्ला शेवटी महागच पडतो.

मोठ्या शहरांत खासगी मानसशास्त्रज्ञाच्या एका सत्राचे शुल्क सर्वसाधारणपणे हजार ते तीन हजार रुपयांच्या घरात असते. विचार आणि वर्तन यांच्यातील घातक साखळ्या ओळखून त्या बदलण्याचा सराव करून घेणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, जिला सीबीटी म्हणतात, तिची सत्रे साधारणतः 12 ते 20 होतात. दीड हजाराच्या दराने 16 सत्रांचे 24 हजार रुपये होतात, आणि पंचवीस हजार पगाराच्या मुलीला किंवा स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात राहिलेल्या मुलाला हा आकडा ऐकूनच माघार घ्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. चार सत्रांनंतर पैसे संपले म्हणून उपचार सोडून देण्याचा अनुभव तर त्याहून वाईट, कारण ‘उपचार करूनही काही झाले नाही’ अशी समजूत त्यातून पक्की होते.

सरकारी व्यवस्थेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे: तिथे औषधे आणि निदान जवळजवळ फुकट मिळते, पण निवांत बोलायला माणूस मिळत नाही. कायद्याचे शब्द मात्र भरघोस आहेत. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून अमलात असून, सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवांमधून परवडणाऱ्या खर्चात, चांगल्या दर्जाचे मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्याच्या कलम 18 ने प्रत्येक व्यक्तीला दिलेला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, हे उपचार पूर्ण मोफत आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सरकारी केंद्रांत सर्वच मनोरुग्णांना मोफत मिळाली पाहिजेत. आणि जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील तर त्याच जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही कायदा म्हणतो. या शेवटच्या तरतुदीचा आधार घेऊन कोणी तरुण सरकारकडून पैसे वसूल करील, अशी आशा धरणे आजच्या घडीला भाबडेपणाचे ठरेल. तरीही सरकारी सेवा ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे या तरतुदींमुळे लेखी झाले, आणि ते थोडे नव्हे.

1982 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून, कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर, 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला आणि मानसोपचाराचा विभाग मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर, जिल्हा रुग्णालयात आला. लोक ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात त्या रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, पत्ता सांगायचा, केसपेपर घेऊन मानसोपचार विभागाच्या खोलीबाहेर नंबर लावायचा, आणि आत गेल्यावर झोप, भूक, कामातले लक्ष, त्रास कधीपासून, घरात आणखी कोणाला असे काही होते का, जीव नकोसा होतो का, या प्रश्नांची उत्तरे द्यायची, असा तिथला क्रम असतो. मग डॉक्टर केसपेपरवर निदान आणि गोळ्या लिहितात, औषधाच्या खिडकीवर पंधरा दिवसांची किंवा महिन्याची औषधे मिळतात आणि फॉलोअपची तारीख पडते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाल्याने केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. पुण्याचे ससून किंवा मुंबईचे जे. जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मुंबई महापालिकेची केईएम, नायर, शीव ही रुग्णालये वेगळ्या विभागांच्या अखत्यारीत येत असल्याने तिथे शुल्क असते, पण तेही खासगीच्या तुलनेत नगण्य. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत, परंतु त्या गावांच्या नावांना चिकटलेल्या टवाळीमुळे तरुण माणूस तिकडे पाय वळवत नाही, आणि नैराश्य किंवा चिंताविकारासाठी त्याने तिकडेच जाण्याची गरजही नसते.

या वाटेवरची अडचण वेळेची आहे. ओपीडी सहसा सकाळची असते, म्हणजे कॉलेजचे तास बुडतात किंवा अर्ध्या दिवसाचा पगार जातो. दर महिन्याला अशी एक चक्कर धरली, तर फुकट उपचारांचीही किंमत मोजावीच लागते. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही (2019 मधील एका अभ्यासानुसार हे प्रमाण 0.75 होते), त्यामुळे डॉक्टरांनी ठरवले तरी एकेका रुग्णाला पाच-दहा मिनिटांपलीकडे वेळ देणे त्यांना जमत नाही. मानसशास्त्रज्ञाचे पद मंजूर असून रिकामे असणे ही तर नेहमीचीच रड. म्हणून सरकारी विभागाकडून काय मागायचे हे ठरवून जावे, हे उत्तम. अचूक निदान, थायरॉइड, हिमोग्लोबिन किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता यांसारखी शारीरिक कारणे वगळण्यासाठी रक्ततपासणी, आणि लागल्यास औषधे, या तीन गोष्टी तिथे कमीत कमी खर्चात होतात. कानात आवाज ऐकू येणे, कोणीतरी पाळत ठेवून आहे अशी खात्री पटणे, किंवा कित्येक दिवस जेमतेम झोपूनही अंगात उसना उत्साह संचारणे आणि पैसा उधळला जाणे, अशी लक्षणे असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञच गाठला पाहिजे. समुपदेशनाने ती आटोक्यात येत नाहीत.

औषधांविषयी तरुणांत दोन टोकांचे गैरसमज आढळतात. एक असा, की ‘डोक्याच्या गोळ्या’ एकदा सुरू झाल्या की जन्मभराच्या. नैराश्य आणि चिंतेसाठी आज बहुधा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्सेटिन यांसारखी औषधे दिली जातात आणि त्यांची चटक लागत नाही; ती परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात, आणि नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली जातात. सुरुवातीच्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल हे त्रास आधी जाणवतात आणि गुण नंतर येतो, म्हणून नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या सोडून देणारे पुष्कळ असतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या वयोगटासाठी लागू केला. याचा अर्थ औषध टाळावे असा नसून पहिला फॉलोअप चुकवू नये असा आहे. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. परीक्षेच्या काळात झोप येत नाही म्हणून मित्राच्या ओळखीने मेडिकलमधून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम मिळवायचे आणि त्याला उपचार समजायचे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट वाट होय, कारण सवय लागते ती नेमकी याच गोळ्यांची.

योग्य औषधे महाग नसतात. गोळीतल्या मूळ घटकाच्या नावाने मिळणारी जेनेरिक औषधे प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रांत ब्रँडेड औषधांपेक्षा निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात. डॉक्टर खासगी असले तरी चिठ्ठीवर घटकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून देण्याची विनंती रुग्णाला करता येते, आणि दर महिन्याच्या खर्चात त्याने मोठाच फरक पडतो.

आता प्रश्न उरतो तो बोलण्याच्या उपचारांचा, आणि त्याचे सर्वांत उद्बोधक उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि नजीकच्या काळात होणारही नाहीत, हे गृहीत धरून या संस्थेने वेगळाच प्रश्न विचारला: संवादोपचारांतला परिणामकारक गाभा काढून घेतला, तर मानसशास्त्राचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तीला तो शिकवता येईल का? त्यातून नैराश्यासाठी सहा ते आठ सत्रांचा एक कार्यक्रम तयार झाला आणि तो गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर, शास्त्रीय चाचणीच्या कसोटीवर लावला गेला.

त्याचा गाभा ‘वर्तन सक्रियीकरण’ हा आहे. उदास माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो: आधी संध्याकाळचा खेळ, मग मित्रांचे फोन, मग वेळेवरची आंघोळ आणि जेवण. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर समाधानाचा एक झरा आटतो आणि उदासी वाढते, वाढलेल्या उदासीने आणखी काही सुटते, आणि हे चक्र फिरत राहते. मन ताळ्यावर येईल तेव्हा कामे करू असे म्हणणारा माणूस या चक्राच्या चुकीच्या टोकाला हात घालतो, कारण मनःस्थिती हुकमाने बदलत नाही, कृती मात्र थोडीफार बदलता येते. सत्रात सल्लागार आणि रुग्ण मिळून गेल्या आठवड्याचा दिनक्रम मांडतात, कोणत्या वेळी मन किंचित हलके होते आणि कोणत्या वेळी बुडते हे त्यावर नोंदवतात, आणि पुढच्या आठवड्यासाठी अगदी लहान, वेळ ठरवलेली कामे निवडतात, जसे नऊच्या आत आंघोळ, मावसभावाला एक फोन, संध्याकाळी बसस्टँडपर्यंत पायी फेरी. पुढच्या भेटीत ठरलेले झाले नसेल तर दोष न देता नेमके कुठे अडले ते पाहिले जाते आणि काम आणखी लहान केले जाते. सल्लागारांचा दर्जा टिकावा म्हणून त्यांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून ते परस्परांच्या कामाचे मूल्यमापन करीत.

या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीन महिन्यांनंतर हा उपचार घेतलेल्या गटातील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ आरोग्य केंद्रातील नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते, आणि पुढच्या पाठपुराव्यात हा फायदा वर्षभर टिकल्याचे दिसले. स्वस्त म्हणजे कमअस्सल, या समजुतीला इतके ठोस उत्तर क्वचितच मिळते. मात्र यातून कोणीही समुपदेशन करू शकतो असा अर्थ काढणे हा उघड विपर्यास ठरेल. ते सल्लागार ठरावीक आजारासाठी, ठरावीक पद्धतीत प्रशिक्षित होते आणि त्यांच्यामागे तज्ज्ञांची फळी उभी होती.

महाराष्ट्रातील तरुणाला याच तत्त्वावर चालणारी काही ठिकाणे उपलब्ध आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या स्वयंसेवी संस्थांत एकाच छताखाली मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आधारगट असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2012 मध्ये सुरू केलेली ‘आयकॉल’ ही सेवा फोन आणि ईमेलवरून प्रशिक्षित समुपदेशकांशी विनामूल्य गाठ घालून देते. ज्या शिक्षणसंस्थांत चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण चालते, तिथे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षणार्थींची सत्रे कमी दरात मिळू शकतात, आणि शिकाऊ म्हणून त्यांना नाकारणे फारसे शहाणपणाचे नाही, कारण देखरेखीमुळे रुग्णाच्या प्रगतीकडे एकाऐवजी दोघांचे लक्ष राहते. अनेक खासगी मानसशास्त्रज्ञही ऐपतीप्रमाणे शुल्क घेण्यासाठी काही जागा राखून ठेवतात, पण त्याची पाटी लावत नाहीत. पहिल्याच फोनवर ‘विद्यार्थी आहे, इतके परवडते’ असे स्पष्ट सांगितले तर बरेचदा मार्ग निघतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आणखी एक आधार अलीकडचा आहे: सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमला पाहिजे, आणि खासगी क्लासही या सूचनांच्या कक्षेत येतात.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली असून 14416 या क्रमांकावर ती चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत, मोफत मिळते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी केंद्राकडे जोडून देतो, त्यामुळे ‘नेमके कुठे जायचे’ या पहिल्या पायरीवरच अडलेल्यांसाठी ती विशेष उपयोगाची आहे. जीव संपवण्याचे विचार येत असतील तर खर्चाचा, रांगेचा किंवा फॉलोअपच्या तारखेचा हिशेब बाजूला ठेवून याच क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात लगेच मदत मागावी. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये, असे 2017 च्या कायद्याचे कलम 115 सांगते, तेव्हा पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचे कारण उरलेले नाही.

विम्याबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही आरोग्य विम्याचे संरक्षण मिळाले पाहिजे असे हाच कायदा सांगतो, आणि विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तशा सूचनाही दिल्या. पण बहुतेक पॉलिसी भरती झालेल्या रुग्णाचाच खर्च देत असल्याने ओपीडीतील सल्ला, गोळ्या आणि संवादोपचार यांचा भार रुग्णावरच राहतो. कंपनीत नोकरी असेल, तर कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक मोफत समुपदेशन सत्रांची सोय आहे का हे विचारून ठेवावे. ती असूनही अनेकांना ठाऊक नसते.

घरच्यांना कळेल ही धास्ती खर्चाच्या प्रश्नात नकळत मिसळलेली असते, कारण वडिलांच्या पैशांनी उपचार घ्यायचे तर वडिलांना सांगावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला उपचारांसाठी पालकांची संमती लागत नाही, आणि तिच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणे हे कायद्याच्या कलम 23 नुसार डॉक्टर व रुग्णालयावर बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद तेवढे त्याला आहेत. आजाराच्या काळात आपल्या वतीने कोणी बोलावे हेही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकते, आणि ती नेमलेली व्यक्ती नातेवाईकच असली पाहिजे असे नाही, विश्वासू मैत्रीणही चालते.

तरुण रुग्णांचे उपचार तुटतात ते पुष्कळदा गाव बदलताना. लातूरच्या सिव्हिलमध्ये औषधे सुरू झालेला मुलगा नोकरीसाठी पुण्याला येतो, केसपेपर घरी राहतो, जवळच्या गोळ्या संपतात, आणि नव्या डॉक्टरपुढे सारी कहाणी पहिल्यापासून सांगण्याच्या कंटाळ्याने उपचार बंद पडतात. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कायद्याच्या कलम 25 ने दिलेला असल्याने, निघण्यापूर्वी निदान, औषधाच्या घटकाचे नाव, मात्रा आणि ते सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद डॉक्टरांकडून घेता येतो, आणि त्याचा मोबाइलमध्ये फोटो असला तरी ससूनच्या ओपीडीत किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात पुढचे उपचार आधीच्याच मात्रेपासून सुरू करणे डॉक्टरांना सोपे जाते.